टाकी खाली

मी गणित शिकवते, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं मुलांच्या वह्यांवर ‘स्टेप कुठे आहे?’ असा लाल शेरा मारण्यात गेली. उत्तर बरोबर असलं तरी स्टेप नसेल तर मी मार्क कापते, आणि त्यावरून मुलं मागे मला काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, पण खरं सांगू? हसण्यासाठी. आमच्या दारावर बाबांनी कधी लिंबू-मिरची टांगू दिली नाही. अशा घरातल्या बाईने इथे काय लिहायचं... पण आता माझ्याचकडे एक उत्तर आहे आणि स्टेप एकही नाही.

आम्ही जबलपूरला विजय नगरात राहतो — मी, माझी मुलगी आर्या आणि माझे बाबा. मिस्टर रेल्वेत, महिन्यातले निम्मे दिवस ड्युटीवर बाहेर. बाबा शहात्तर वर्षांचे, फॅक्टरीतून रिटायर झालेले. मूळ घराणं भंडाऱ्याकडचं. आई गेल्यापासून त्यांचं विसरणं फार वाढलं आहे. सकाळचं आठवत नाही, चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र तोंडपाठ. म्हणून गेटला कायम कडी लावायची, हा घरातला नियम. नियम माझाच.

आर्या अकरावीत आहे आणि अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करते. इंटरनेटवर एक प्लॅटफॉर्म आहे, तिथे मुलं स्वतः गेम बनवतात आणि एकमेकांचे खेळतात. बनवणाऱ्याला क्रिएटर म्हणायचं. आर्या गेम बनवतेच, शिवाय तिथल्या हिंदी क्रिएटर्ससाठी दर गुरुवारी एक बातमीपत्र काढते — कोणाचा नवा गेम आला, कोणी अपडेट केला, कोण कुठे अडकलं. त्यातलं शुद्धलेखन मी तपासते. बिनपगारी मास्तरीण!

गेल्या मे महिन्यात एका गुरुवारी तिला एक नवाच गेम सापडला. नाव ‘घर’, आणि आत शिरता येईल असं घर एकही नाही. क्रिएटरच्या नावाच्या जागी नुसते आकडे. एक अरुंद गल्ली, बंद दारं, डोळे दिपतील असं पांढरं ऊन, आणि शेवटी खांबांवर उभी पाण्याची मोठी टाकी. माणूस नाही, काणूस नाही. भिंतीवर खडूने लिहावेत तसे दोन शब्द — टाकी खाली. बस्स. मुलं बादल्या शोधत होती, नळ शोधत होती, पण गेम काही संपत नव्हता.

"मम्मी, ये देख ना, याने टंकीची स्पेलिंगच चुकवली," आर्या म्हणाली. "टाकी लिहून राहिला."

"मग तू तरी बरोबर लिही. बातमीत चूक गेली तर लोक तुला हसतील."

तिने दुरुस्ती केली, मी मान डोलावली, आणि बातमी गेली — ‘सुराग़ सिर्फ़ एक: टंकी खाली है.’ टाकी रिकामी आहे, तेव्हा भरा. अजून काय अर्थ असणार?

त्यानंतरचा रविवार. साडेबाराला मी भाजी घेऊन आले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, गेट कोपराने लोटलं आणि आत गेले. कडी लावली नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले आहेत.

सव्वा एकला बाबांच्या खोलीत गेले तर पलंग रिकामा. बाथरूम पाहिलं, गच्ची पाहिली. चपलांच्या स्टँडवर बाबांची उजव्या पायाची चामडी चप्पल होती आणि आर्याची डाव्या पायाची निळी स्लीपर. म्हणजे एक आपली आणि एक नातीची घालून ते बाहेर पडले होते. बाहेर ऊन असं, की कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरली होती. बाबांना बीपी, आणि ‘उन्हात एकटं सोडू नका’ म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं.

आर्याला फोनजवळ बसवलं आणि स्कूटर काढली. कॉलनी पालथी घातली, मेडिकलवाल्याला विचारलं, पार्कचा चौकीदार उठवला, पोलीस चौकीत फोटो दिला. मिस्टरांना फोन केला, ते इटारसीला — तिथून काय करणार? मग सुचलं, गढा, जबलपूरचाच जुना भाग. बाबा रोज संध्याकाळी ‘घरी जायचं’ म्हणतात, आणि घर म्हणजे गढ्यातल्या त्या दोन खोल्या, जिथे आम्ही भाड्याने राहायचो. मी बारा वर्षांची होईपर्यंतचं घर. त्यानंतर त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. आता तिथे तीन मजले झाले आहेत. मी दार वाजवलं, एक बाई खाली आली.

"नहीं दीदी, इधर तो कोई बुज़ुर्ग नहीं आए. इतनी धूप में कौन निकलेगा?"

तीन वाजून गेले होते. मी स्कूटरच्या तापलेल्या सीटवर हात टेकून तशीच उभी राहिले आणि रडले. भर रस्त्यात, एवढी पंचेचाळीस वर्षांची बाई. तेवढ्यात आर्याचा फोन.

"मम्मी, तू रागावू नको हं... तो ‘घर’ गेम आहे ना, तो आत्ता अपडेट झाला. मला नोटिफिकेशन आलं."

"तू गेम खेळून राहिली?" मी किंचाळलेच. "इकडे आजोबा सापडत नाहीत अन् तू —"

"मम्मी, सुन तो! त्यात चपला आल्या. दोन. एक चामड्याची अन् एक माझी निळी. टाकीच्या खांबाजवळ ठेवल्या आहेत. मी स्क्रीनशॉट पाठवला, तू देख."

पाहिला. ठोकळ्यांची बनवलेली टाकी, तिसऱ्या खांबाशी दोन चपला, शेजारी शेजारी, पुढची टोकं खांबाकडे. डावी तपकिरी. उजवी निळी.

"तूने किसी को बताया?"

"कोणाला सांगू? मी तर फोनजवळच बसून आहे!"

"अजून काय आहे त्यात? नीट पाहा, आर्या."

"काहीच नाही. भिंतीवर तेच आहे, टाकी खाली."

हे शब्द मी गुरुवारपासून पाहत होते. ऐकले मात्र त्या वेळी पहिल्यांदा, मराठीत बोलणाऱ्या माझ्या मुलीच्या तोंडून. जबलपुरात घराबाहेर भिंतीवर, पाटीवर, पडद्यावर जे दिसतं ते हिंदीच असतं. आमची मराठी बोलण्यापुरती, स्वयंपाकघरातली. या ग्रुपबाहेर ती लिहिलेली समोर आली तर डोळे तिला ओळखतच नाहीत. मी स्वतः ती ‘चूक’ सुधारून दिली होती! टंकी नव्हे, टाकी. आणि खाली म्हणजे रिकामी नव्हे...

टाकीखाली.

आई रोज म्हणायची, "जा बरं, बाबांना बोलावून आण, टाकीखाली बसले असतील." पहिली शिफ्ट सुटली की बाबा सायकल टेकवून गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, दोस्तांबरोबर बसायचे. मी जाऊन त्यांचा हात धरून आणायची. तेहेतीस वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

स्कूटर तिथेच टाकून मी पळाले. टाकी अजून आहे. खालची जागा आता पंपाच्या खोलीमागे गेली आहे, रस्त्यावरून दिसत नाही. मी वळसा घालून गेले.

तिसरा खांब. दोन चपला, शेजारी शेजारी, टोकं खांबाकडे. डावी तपकिरी, उजवी निळी. आणि पलीकडे बाबा, एका कुशीवर पडलेले. अंग भाजत होतं आणि घामाचा थेंब नाही. मी हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे किलकिले केले.

"आली का तू? मी तुझीच वाट पाहून राहिलो. तुझ्या आईला सांग, येतो म्हणा..."

मी ओरडून ओरडून माणसं गोळा केली. ऑटोत घातलं, हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आधा घंटा और हो जाता, तो..." पाचव्या दिवशी बाबांना घरी आणलं.

आता तुम्ही जे म्हणणार ते मी स्वतःला आधीच म्हणून घेतलं आहे. मी माझ्या पोरीवरही संशय घेतला. तिला समोर बसवून उलटतपासणी केली, ती ढसाढसा रडली, आणि मला माझी लाज वाटली. पण स्टँडवरून चपला तिला कळल्या, असं धरलं तरी ती जागा? आर्या जन्मात गढ्याच्या त्या गल्लीत गेलेली नाही. चपला कुठल्या खांबाशी, कशा ठेवल्या आहेत, हे त्या क्षणी जगात फक्त बाबांना माहीत होतं. मी फोनमधली वेळ पाहिली. स्क्रीनशॉट माझ्याकडे आला तेव्हा मी जुन्या घरासमोर उभी होते.

प्लॅटफॉर्मवर प्रत्येक गेमच्या बदलांची नोंद असते. आर्याने काढून दाखवली. ‘घर’मध्ये गुरुवारनंतर एकही बदल झालेला नाही. तिने बाकी क्रिएटर्सना विचारलं, त्यातल्या कोणालाच चपला दिसल्या नाहीत. सोमवारी आम्ही गेम उघडला तर आम्हालाही नाहीत. स्क्रीनशॉट मात्र माझ्या फोनमध्ये आजही आहे.

शेवटी आर्याने त्या आकड्यांच्या नावाला एक मेसेज टाकला. शब्दन् शब्द मी सांगितलेला, हिंदीत: आप कौन हैं, और ये गेम आपने कैसे बनाया? बाबांबद्दल एक अक्षर लिहू दिलं नाही. मुद्दाम. मला पाहायचं होतं तो काय बोलतो ते.

अकरा दिवस काही नाही. मग उत्तर आलं, तेही मराठीत. एकच ओळ:

‘आता बरे आहेत का ते?’

आर्याने लॅपटॉप मिटायला घेतला. "मम्मी, ब्लॉक करून टाकू?" मलाही भीती वाटली, हे मान्य करते, आणि अजून वाटते. पण मी तिच्या हातातून लॅपटॉप घेतला. इतक्या आपुलकीने माझ्या बाबांची विचारपूस करणाऱ्याला ब्लॉक कसं करू? मी स्वतः टाइप केलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणा परक्याला मराठीत: ‘हो. बरे आहेत.’

मेसेज वाचला गेल्याची खूण आली. त्यानंतर आजपर्यंत तिकडून काहीही आलेलं नाही. कोण आहे, कुठे आहे, त्याला काय दिसलं, कसं दिसलं — मला माहीत नाही, आणि कोणी समजावून सांगू शकेल असं वाटतही नाही. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. शेजारच्या खोलीत बाबा झोपले आहेत, आणि त्यांचं घोरणं मला इथवर ऐकू येतंय.