तीन नंबरच्या टाकीचा कोपरा

पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा याला मी माझं नशीब म्हणतो. लोक माणसांवर संशय घेतात, दूधवाल्यावर तर घेतातच; पण भांड्यातलं पाणी सगळीकडे सारखं फिरतंय की एखाद्या कोपऱ्यात अंग चोरून बसलंय, यावर पाळत ठेवणारे आमचे दाजीच. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते तीस वर्षं डाईंग मास्तर होते, म्हणजे सूत रंगवायच्या खात्याचे सर्वेसर्वा. मूळचे करकंबचे, आणि बोलणं अजून तिथलंच. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत कायमचा निळा. लग्नात हळद लागली तेव्हा तो हात हिरवा झाला आणि मांडवात कुणालाच काही सुचेना, असं माझी मेहुणी आजही सांगते.

खिशात कागदाच्या पुडीत चिमूटभर रंग असल्याशिवाय दाजी घराबाहेर पडत नाहीत. कुठेही साठलेलं आणि हलणारं पाणी दिसलं की ते त्यात कणभर रंग टाकतात आणि गुडघ्यांवर हात टेकून बघत उभे राहतात. आमच्या घरी नवा कूलर आला तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी त्याच्या टाकीत रंग टाकला आणि उन्हाळाभर आमचा हॉल जांभळट दिसत होता. चहा ढवळताना त्यांना कुणी हाक मारली तर ते ओ देत नाहीत. मोडनिंबला एका लग्नात आचारी मोठ्या कढईत आमटी हलवत होता. दाजी पाच मिनिटं शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "तुजा मसाला समदा मदी हाय, कडंची आमटी आळशी हाय." आचाऱ्याने झारा त्यांच्या हातात दिला आणि निघून गेला. त्या लग्नात चारशे माणसांना दाजींनी आमटी हलवून दिली, वऱ्हाडी म्हणून ज्या लग्नाला गेले होते त्याच लग्नात. वर ती आमटी फार चांगली झाली होती, हे मला नाइलाजाने सांगावं लागतंय.

'आळशी पाणी' हा शब्द त्यांना दिला तो कारखान्यातल्या तीन नंबरच्या टाकीने. चौकोनी टाकी, रंगाचं कढत पाणी, चार बाजूंना चार कामगार लाकडी दांड्यांनी ते ढवळणार आणि मग त्यात सुताच्या लड्या बुडवायच्या. तीन कोपऱ्यांत सूत एकसारखं रंगायचं. चौथ्यात, जिथून वाफेचा पाईप खाली उतरतो तिथे, एखादी लडी फिकी निघायची. रोज नव्हे, पण दाजींची झोप उडवायला पुरेशा वेळा. त्यांनी पाईप खरवडला, रंगात घालायचं मीठ बदललं, ताप कमीजास्त केला, टाकीला नारळ फोडला. दर वेळी फिक्या सुताचा झुपका ते एका जाड वहीत चिकटवायचे आणि शेजारी काय करून पाहिलं ते लिहायचे. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. आणि एवढं करूनही कोपरा सुधारेना, तेव्हा राग निघायचा यल्लप्पावर. यल्लप्पा हा शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा, शांत माणूस. त्या कोपऱ्यावर दांडा धरून तो वीस वर्षं उभा राहिला आणि वीस वर्षं रोज सकाळी त्याने "यल्लप्पा, हात चालव, तुज्यामुळं पानी आळशी झालंय" हे ऐकलं. तो काही बोलत नसे. निवृत्त झाला त्या दिवशीही हार घालून घेऊन गुपचूप गेला. त्याच्या जागी दुसरा माणूस आला तरी लड्या फिक्याच निघत राहिल्या. दाजी म्हणाले, यल्लप्पाने पाण्याला सवय लावून ठेवली आहे.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकल शाखेत शिकवतो. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजला केमिकल रिअॅक्टर अभियांत्रिकीची आंतरराष्ट्रीय परिषद मिळाली आणि आम्ही सगळे अक्षरशः हवेत होतो. परदेशातले लोक सोलापुरात येणार, आमच्या सभागृहात बोलणार, आमच्या कॅन्टीनमध्ये जेवणार. प्राचार्यांनी झाडांच्या बुंध्यांना गेरू लावून घेतला. मी ही बातमी रविवारी दाजींना सांगितली. त्यांनी विचारलं, "रिअॅक्टर म्हंजी काय वो पाव्हणं?"

"ज्या भांड्यात रसायनांची क्रिया होते ते भांडं."

"म्हंजी आमची टाकी की." मी हो म्हणायच्या आत त्यांनी पुढचं विचारलं, "आन त्या भांड्यात पानी कसं फिरतंय ते ह्या लोकास्नी ठावं असतंय?"

"दाजी, त्यातले काही जण आयुष्यभर तेवढंच बघतात."

दाजी उठून उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं होतं की पाण्यावर संशय घेणारे जगात आणखीही आहेत. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्यानंतर आठवड्याभरात टाक्या तोडून तिथे नवी मशीन बसायची होती. "टाकी जायच्या आदी मला कळाय पायजे, त्यो कोपरा असा का. एवडं एकच इचारायचंय," ते म्हणाले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी परिषद घरच्या कार्यासारखी अंगावर घेतली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला कोण, कडक भाकरी परदेशी दातांना झेपेल का, शेंगाचटणीत तिखट किती, सगळ्यात त्यांचं मत. निरोपाच्या आहेराचे टॉवेल त्यांच्याच कारखान्यातून यायचे होते, ते निवडायचं कामही मी त्यांच्यावर सोपवलं. ते मी का केलं, हे मला नंतर प्राचार्यांनी दोनदा विचारलं.

परिषदेच्या दिवशी दाजी इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात 'उद्योग प्रतिनिधी' असा बिल्ला अडकवून, पहिल्या रांगेत येऊन बसले. मी त्यांचा प्रश्न इंग्रजीत लिहून दिला होता आणि आठ दिवस ते तो स्कूटरवर पाठ करत होते. प्रमुख पाहुण्या म्हणून युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या एक प्राध्यापक बाई आल्या होत्या, साठीच्या पुढच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. त्यांनी पडद्यावर एक काचेचं भांडं दाखवलं. भांड्यात पाणी फिरतंय, आणि वरून लाल रंगाचा एक थेंब पडला. रंग कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही ते बघा, असं बाई म्हणाल्या. सभागृहात एकदम दाजींचा आवाज आला. "आवो, हे मी रोज करतो की." मागच्या दीडशे शास्त्रज्ञांनी माना उंचावल्या. अध्यक्षांनी प्रश्न शेवटी घेऊ असं सांगितलं. शेवटी वेळ संपली. चहाच्या वेळी बाईंभोवती एवढी गर्दी की दाजींचा हात पोचेना. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी समारोपाआधी ते मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, हातात तो कागद घाम लागून मऊ झालेला. मी म्हटलं, "दाजी, मी त्यांना ईमेल करतो." ते म्हणाले, "टाकीला ईमेल कळत न्हाय, पाव्हणं. ती पुढल्या सोमवारी तुटतीया."

मग समारोप. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाहुण्यांना टोपी आणि टॉवेल. प्राचार्यांनी बाईंना टोपी घातली, तीही त्यांना शोभली, आणि दाजींच्या हातातल्या तबकातला टॉवेल उघडून खांद्यावर ठेवला. गर्द निळ्या टॉवेलच्या बरोबर मधोमध हातभर रुंदीचा फिका पट्टा होता. कारखान्यातला सगळ्यात वाईट टॉवेल. तो निवडून आणला होता. प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, मी दाजींकडे. दाजी शांतपणे म्हणाले, "चांगला टॉवेल कुनीबी देतंय. ह्यास्नी मला प्रश्न द्यायचा हुता."

बाईंनी टॉवेल खांद्यावरून काढला. पट्ट्यावरून बोट फिरवलं. दाजींचा निळा हात पाहिला. मग माइकपासून बाजूला होऊन त्यांनी मला विचारलं की हे सूत रंगलं ते भांडं इथून किती लांब आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाहुणे किल्ला आणि तलाव बघायला गेले. बाई, दाजी आणि मी कारखान्यात. टाकीत आधी नुसतं पाणी भरून घेतलं. चार कामगारांनी ढवळायला सुरुवात केली, दाजींनी पुडीतली चिमूट पाण्यात सोडली, आणि ती दोन माणसं टाकीच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून शेजारी शेजारी उभी राहिली. मी पाहतच राहिलो. उभं राहायची पद्धत अगदी एक होती. रंग उजवीकडे फिरत गेला, पाईपला वळसा घालून पुढे गेला, आणि पाईपच्या आडोशाचा कोपरा तसाच नितळ राहिला. बाईंनी बराच वेळ बघितलं. मग हवेत बोटाने उलटा गोल काढून विचारलं, असं कधी ढवळून पाहिलंत का?

मी मराठीत सांगितलं. चारही दांडे थांबले. अकरा वह्यांत तेवढं एक नव्हतं.

"उलटं न्हाय ढवळत," दाजी म्हणाले. "उस्तादांनी सांगून ठेवलंय. प्रदक्षिणा उलटी घालतेत व्हय?"

इथे मला सांगायला हवं की दाजींना काम शिकवणारे उस्ताद मुसलमान होते. पहिल्या दिवशी दांडा हातात देताना ते एवढंच म्हणाले होते, "सीदा घुमाव, उल्टा नक्को." प्रदक्षिणेचं कारण दाजींनी मागाहून स्वतः जोडलं आणि त्यावर तीस वर्षं श्रद्धा ठेवली. बाईंनी माझं भाषांतर गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "कारण मला पूर्ण मान्य आहे. फक्त ते पाण्याला कुणी सांगितलंय का, तेवढं विचारा."

दाजींनी पायातल्या चपला काढल्या. टाकीच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला, "उस्ताद, माफ करा" असं पुटपुटले, आणि स्वतः दांडा घेऊन यल्लप्पाच्या जागेवर उभे राहिले. आधी उजवीकडे, मग थांबून डावीकडे. पाणी क्षणभर गोंधळलं, उसळलं, आणि रंग सरळ त्या कोपऱ्यात शिरला. मी वीस वर्षं हा धडा फळ्यावर शिकवतोय. त्या दिवशी तो पहिल्यांदा पाहिला. मग नेहमीचा रंग कालवून लड्या बुडवल्या, अर्धा वेळ असं, अर्धा वेळ तसं ढवळलं. कोपऱ्यातली लडी दाजींनी पिळून उन्हात धरली. चारही कोपऱ्यांचा रंग एक. बाई टाळ्या वाजवत होत्या, कामगार हसत होते, मी मोबाइलवर फोटो काढायच्या नादात तो पाण्यात पाडता पाडता वाचलो. दाजी मात्र पालथ्या बादलीवर बसले. एकच शब्द बोलले. "यल्लप्पा."

बाईंना स्टेशनवर सोडून आम्ही तसेच पूर्व भागात गेलो. यल्लप्पा दारात बाजेवर बसला होता. मोतीबिंदूने दिसणं कमी झालेलं, पण दाजींच्या चपलांचा आवाज त्याने ओळखला आणि उठायला लागला. दाजींनी त्याला धरून बसवलं. त्याच्या एका हातात वहीतला फिका झुपका ठेवला, दुसऱ्यात सकाळची लडी.

"कोपऱ्याचं कळलं, यल्लप्पा. ढवळन्यात चूक हुती. माजी. तुजी कदीच नव्हती."

यल्लप्पाने दोन्ही सुतं बोटांनी चाचपली, डोळ्यांजवळ नेली. "मला माहीत होतं की, मास्तर."

"मग वीस वर्सं बोलला का न्हाईस?"

त्याने दोन्ही सुतं मांडीवर ठेवली. "त्या तीन कोपऱ्यांत तुमी कदी थांबत नव्हते," तो म्हणाला. "माझ्याच कोपऱ्याला रोज येऊन उभं ऱ्हायचे. ओरडायला का व्हईना, येत होते की."

दाजींनी मान खाली घातली. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी गल्लीतल्या मागांची खटखट ऐकत बसलो. यल्लप्पाच्या सुनेने चहा आणला. साखर तळाशीच होती. दाजींनी चमचा घेतला, एकदा उजवीकडे फिरवला, थांबले, मग डावीकडे, आणि कप आधी यल्लप्पाच्या हातात दिला.

सोमवारी टाकी तुटली. दाजी बघायला गेले नाहीत. त्या सकाळी ते पूर्व भागात होते, आणि त्यानंतरच्याही बहुतेक सकाळी तिथेच असतात. बाजेच्या एका टोकाला यल्लप्पा, दुसऱ्या टोकाला दाजी. फारसं बोलत नाहीत, ओरडायला आता काही उरलेलं नाही. पण जातात.