कफनाला खिसा

ती कुणालाही भेटली की आधी डोक्यापासून पायापर्यंत बघायची. मग पायापासून डोक्यापर्यंत. मग स्वतःशीच मान हलवायची. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी आपली पारख करतेय. आम्हा आळीतल्यांना ठाऊक होतं, ती माप घेतेय.

"तुला सव्वापाच वार लागंल गो," मी पेणच्या कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी ती मला म्हणाली. "शिकून आणखी उंच झालीस तर बघू."

तुमच्या ओळखीत कफनं शिवणारी बाई असेल असं मला वाटत नाही. माझ्या होती. शेजारीच राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

आमचं गाव वडखळहून आत, खाडीच्या अंगाला. आमचं घर मिठागरात राबणाऱ्यांचं, तिचं इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. इस्राएलांची तेव्हा दहा-बारा घरं होती. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असायचे, म्हणून जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला सगळं गाव मशीद म्हणायचं. तेही मशीदच म्हणायचे.

मशिदीत मावशीला कुणी नेमलं नव्हतं. तरी शुक्रवारी दुपारी ती झाडून-पुसून घ्यायची, दिव्याच्या वाती वळायची. कुणाचा नवस असला की मलिद्यासाठी पोहे भिजवून त्यात गूळ, खोबरं, खारका कालवायची. आणि त्यांच्यातलं कुणी गेलं की कफन शिवायची. रोह्याहून, नागोठण्याहूनसुद्धा तिला निरोप यायचा. कोरं मांजरपाट, हातशिलाई, लांब लांब टाके, दोऱ्याला गाठ नाही. आणि खिसा नाही.

"खिसा का नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"घेऊन काय जायचं हाय?" ती म्हणाली.

तिचा नवरा गेला तेव्हा मी तिसरीत होते. त्यांच्यात मयतावर एक प्रार्थना म्हणतात. तिला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर ती होत नाही. त्या दिवशी खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, पेणची माणसं वडखळलाच अडकली होती. गावात त्यांचे पुरुष उरले बरोबर दहा. दहावा म्हणजे त्यांच्या जमातीचा मुकादम.

मावशीच्या नवऱ्यानं महिनाभर आधी जमातीच्या बैठकीत त्याला चारचौघांत खोटा म्हटलं होतं. मुकादमानं ते मनात ठेवलं होतं.

मयत त्याच्या घरासमोर थांबवलं. तो ओट्यावर ताट घेऊन बसला होता. मी आईच्या पदराआडून बघत होते, म्हणून हे ऐकीव नाही. एकानं हाक मारली, "मुकादम, चला."

"जेवतोय," तो म्हणाला.

माणसं थांबली. त्यानं आणखी भात वाढून घेतला. शेवटी मयत पुढे गेलं. नऊ जणांनी माती दिली आणि ती प्रार्थना न म्हणता परत आले.

सात दिवस मावशी सुतकात खाली बसून होती. आठव्या दिवशी उठली ती सरळ मुकादमाच्या ओट्यासमोर गेली. ओरडली नाही. आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"मुकादम, तुझं कफन मीच शिवणार हाय. त्याला खिसा लावणार. देवाला दिसू दे, कोण काय घेऊन आलाय ते."

माणसं म्हणाली, दुःखात बोलली, विसरेल.

ती विसरली नाही. मुकादम मशिदीत नुसता खोकला, तरी बायकांच्या बाजूनं ही हाताची वीत पसरून हवेत मोजायची. एकदा त्याला विषमज्वर झाला. हिनं पेणहून कापड आणलं, धुतलं आणि त्याच्या घरातून दिसेल अशा दोरीवर वाळत घातलं. तो चार दिवसांत उठून बसला.

"कापड बघून बरा झाला," ती आईला म्हणाली. "डाक्तरला उगाच पैसं दिलं त्यानं."

किपूरच्या, म्हणजे वर्षाच्या प्रायश्चित्ताच्या उपासाआधी त्यांच्यात एकमेकांची माफी मागायची रीत आहे. दरवर्षी मुकादम आपल्या बायकोला पाठवायचा, पुढे मुलाला पाठवू लागला. मावशी त्यांना पाणी द्यायची, बसवायची, आणि दरवर्षी तेच सांगायची, "जे तोंड जेवत व्हतं, त्या तोंडानं यावं."

ते तोंड आलं नाही.

हे सगळं लिहावं की नाही, मला अजून कळत नाही. म्हाताऱ्या बाईनं इतकी वर्षं एकाच्या मरणाची वाट बघावी, हे वाचून तुम्हाला ती वाईट वाटेल. मला ती तशी वाटली नाही. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून "नाय" म्हणाले आणि एक मुलगी बाक वाजवून हसली. घरी येऊन मी मावशीकडे रडले. तिनं डोळे पुसले नाहीत, समजावलं नाही.

"उंची किती तिची?" एवढंच विचारलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. त्या वर्षात मला सर्वात बरं वाटलं ते त्या प्रश्नानं.

त्याच वर्षी बातमी आली, की मुकादम सगळ्या कुटुंबासह इस्राएलला चालला. आधीही घरं गेली होती. पण मावशी हादरली. दोन दिवस चूल पेटली नाही.

"पळतोय," ती म्हणाली. "तिकडं मरंल आणि तिकडचं कोणतरी बिनखिशाचं शिवंल."

तिसऱ्या दिवशी ती सुई घेऊन बसली.

निरोपाचा मलिदा मशिदीच्या अंगणात होता. मलिदा अर्थात तिनंच कालवला, आणि चांगला कालवला. लोकांनी मुकादमाला शाल दिली, घड्याळ दिलं. मावशी शेवटी उठली आणि त्याच्या हातात कागदाचं पुडकं ठेवलं. त्यानं उघडलं. कफन होतं. छातीवर डाव्या बाजूला खिसा होता, आणि कफनाचे टाके लांब असले तरी खिशाचे बारीक, दुहेरी, पक्के होते.

मुकादमानं खिशात हात घातला. आत मलिद्यातल्या खारका होत्या. त्यानं तळहातावर घेतल्या. नऊ.

"तिकडं कापड मिळतं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मिळंल. खिसा नाय मिळणार."

मुलगा ते हिसकावून घ्यायला पुढे आला. मुकादमानं त्याला हातानं मागे सारलं, खारका परत खिशात ठेवल्या, कफनाची नीट घडी केली आणि बगलेत धरून निघून गेला. घड्याळ तिथंच विसरला.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्याचा मुलगा गावी आला. मावशीच्या दारात उभा राहिला, हातात कफनाची तीच घडी. वडील तिकडेच वारले होते. त्यांना तिथल्या लोकांनी तिथल्या कापडात पुरलं.

"हे कपाटात ठेवलं होतं, मावशी. जाताना म्हणाले, तिला नेऊन दे, हातात दे."

मावशीनं ताट घेतलं आणि त्यात खिसा उलटा केला. खारका खडखडत पडल्या. सुकून दगड झालेल्या नऊ. आणि एक वेगळी, लांबट, नवी, तिकडची.

तिनं बोटानं एकेक सरकवून मोजल्या. दहा. मग पुन्हा मोजल्या. मी दारात उभी होते. मला वाटलं आता ती रडेल.

"झालं वाटतं जेवून," ती म्हणाली.

तिनं ती दहावी खारीक उचलली, बाहेर आली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. "ह्यो भायेरच बसू दे. त्याला सवय हाय."

मुलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं त्याला दंडाला धरून आत नेलं. "तू चल आत. तू लहान व्हतास तेव्हा. जिताड्याचं कालवण हाय, भात वाढते."

तो जेवत असताना ती सारखी बाहेर बघत होती. खारकेला मुंग्या लागल्या. ती उठली, पदरानं मुंग्या झटकल्या, आणि खारीक होती तिथंच ठेवून परत येऊन बसली. सकाळी ओट्यावर काही नव्हतं. कावळ्यानं नेली की आणखी काही झालं, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, याचा मी अजून विचार करते.

गेल्या वर्षी ती गेली. गावात त्यांची तीनच घरं उरली होती, पण पेणची, रोह्याची माणसं आली. मी ओट्यावर बसून मोजली. बारा पुरुष होते.

आत बायका तिला अंघोळ घालत होत्या. रोह्याची एक म्हातारी कापड घेऊन बाहेर आली. "ट्रंकेत हेच एक शिवलेलं घावलं. पण हे तिचं नसंल गो. केवढं मोठं हाय. दोनदा गुंडाळावं लागंल."

"तिचंच आहे," मी म्हणाले.

"आणि हे काय?"

मी बघितलं. खिशाच्या दोन्ही बाजू उसवल्या होत्या, एकेक टाका मोजून काढावा तशा. तळाचे टाके तसेच होते, बारीक, दुहेरी, पक्के. खिसा त्यांच्यावर लोंबत होता.

"एवढंच राह्यलंय उसवायचं," म्हातारी म्हणाली. "कात्री बघ गो तिची, कुठं ठेवायची ती?"

ती कुठं ठेवायची ते मला ठाऊक होतं. कात्री हाताशी असून मावशीनं तेवढे टाके ठेवले होते. मी आत गेले, फळीवरची कात्री घेतली, ओढणीखाली धरली आणि बाहेर आले.

"सापडत नाय," मी म्हणाले.