चंद्रभानभाऊंच्या गाडीचा धूर

चंद्रभानभाऊंचं बोलणं पिकअपवरून सुरू होतं आणि मायलेजवर संपतं. मधे सायलेन्सर. बाळापुरात माझं किराणा दुकान त्यांच्या घरासमोरच असल्यामुळे माझी काही सुटका नाही. माणूस ट्रकवाला, कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नाही. पण घरात बोलायचं खातं त्यांनी लग्न झाल्यापासून मनकर्णावहिनींकडे सोपवलेलं. अमरावतीहून लेकीचा, आकांक्षाचा फोन आला की "थांब, मायले देतो," एवढंच ते बोलत. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेरवी झाल्यावर पहिल्यांदा फोन वाजला तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. मी तिथेच बसलो होतो. ते काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मग त्यांना उरला ट्रक. नवा, बीएस-सिक्स. या गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचं पाणीही लागतं, धूर स्वच्छ करायला. ते पंपावर कॅनमध्ये मिळतं. आता ज्याच्या घरात शेतातल्या पऱ्हाटीसाठी, म्हणजे कपाशीसाठी, आणलेली युरियाची पोती उभी आहेत, तो माणूस पंपावर जाऊन युरिया विकत घेईल होय? "युरिया तो युरिया," म्हणाले, आणि खताचाच युरिया बादलीत घोळून, फडक्यातून गाळून त्यांनी टाकीत ओतला. आम्हीही माना डोलावल्या. अक्कल सगळ्यांची सारखीच. पुढे सेमाडोहच्या घाटरस्त्यावर नळ्यांमध्ये खडे जमले, समोर लाल दिवा पेटला आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालू लागली.

अकोल्यात जठारपेठेकडे ललित नावाचा एक ट्यूनिंगवाला आहे. त्यानं लॅपटॉप जोडून युरियाची भानगडच बंद केली, धूर गाळणारी जाळी कापून फेकली आणि इंजिनाची ताकद वाढवून दिली. गाडी घाटात पळायला लागली, पण मागून धूर सुटला तो काळाकुट्ट. सकाळी ट्रक सुरू झाला की माझ्या दुकानातली साखर गुळाच्या रंगाची दिसायची. भाऊ मात्र बराच वेळ इंजिन चालू ठेवून ऐकत उभे राहत. मी शिव्या घालायचो. नंतर नंतर घालेनासा झालो, कारण त्या घरातून येणारा आवाज तेवढाच होता.

दिवाळीला आकांक्षा आली, चार वर्षांच्या श्यामला घेऊन. पोरगं खोकायला लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनं पिशव्या भरल्या. "बाबा, पोराले हा धूर सोसत नाई. गाडी अशी हाये तवरोक आमी नाई येत."

अमरावती काही लंडनला नाही. पण ती आली नाही. संक्रांत गेली, होळी गेली. भाऊंनी अंगणात श्यामसाठी झोका टांगला होता. त्यावर ते गाडी पुसायची फडकी वाळत घालू लागले.

शेवटी एक दिवस म्हणाले, "कंपनीत नेतो गाडी. जुनं सगळं परत करून घेतो." ललितनं त्यांना समजावून पाहिलं. "भाऊ, कंपनीचं अपडेट मारलं का माहं सगळं पुसल्या जाईन. गाडी मेल्यावानी चालन."

"चालू दे. माहा नातू येईन."

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी त्यांना चांगलं झापलं, मग नळ्या बदलल्या, नवी जाळी बसवली, अपडेट टाकलं. गाडी परत आली तीच मुळी निमूट. त्या रविवारी भाऊंनी ती धुतली, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल बांधला आणि मला म्हणाले, "खुशालराव, आकांक्षाले तो चित्रवाला फोन लावा. रुमाल दाखवा तिले."

मी फोन धरला. त्यांनी इंजिन चांगलं रेस केलं. रुमाल फडफडला, पांढरा तो पांढराच राहिला. भाऊ खाली उतरून लांबूनच ओरडले, "पाह्यलं? आता कवा येता?"

आकांक्षानं श्यामला बाहेर खेळायला पाठवलं. मग म्हणाली, "बाबा, धुराचं आमी निस्तं निमित्त सांगतलं. आमी आलो का तुमी गाडीखाली जाता. जेवाले बसता तं मान वर नाई करत. श्यामनं दोन दिवस आबा आबा केलं, तुमी त्याले एक शब्द नाई बोलले. माय होती तवा मी तिच्यासाठी येत होती. आता येऊन का करू? भिंतीकडे पाहू?"

मला वाटलं, फोन बंद करावा आणि दुकानात निघून जावं. बोलली ती खोटं बोलली नव्हती, पण सायलेन्सरला रुमाल बांधून उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे फार झालं. भाऊंनी वर चढून इंजिन बंद केलं. हात पँटला पुसले, जवळ आले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"मंग काय बोलाचं असते बाई?" ते म्हणाले. "तू सांग. मी ते बी करून घेतो."

व्हिडिओ कॉल होता तो. भाऊंनी फोन कानाला घट्ट लावला होता, आणि पलीकडे आकांक्षाला नुसता त्यांचा कान दिसत असणार.