वाडीच्या शाळेचं कुलूप तुटलं त्या सोमवारी

उदगीरचा किल्ला बघायचं कितीतरी वर्षं नुसतं ठरत होतं. शेवटी मावशीच्या फोनमुळे निघाले. "सोमवारी आपली शाळा उघडायलीय. येतीस का न्हाई?"

माझी शांतामावशी उदगीरजवळच्या एका वाडीत राहते. तिथल्या सरकारी शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायची. पट कमी म्हणून दोन वर्षांपूर्वी शाळा बंद झाली. आदेशात त्याला 'समायोजन' म्हटलं होतं.

रविवारी सकाळी नांदेडहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. कंधारनंतर खड्डे लागतात, मागच्या सीटवर बसू नका. उदगीरचा किल्ला दोन तासांत होतो, पण पाणी सोबत न्या. बाहेरचा भजीवाला एकाशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलत एकाच वेळी दोघांना वाढत होता.

वाडीला टमटम जाते. गावाचं नाव सांगताच चालक म्हणाला, "त्या शाळेवाल्या बायकांकडं? बसा, ताई, पुढं बसा."

मावशीनं भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत नाव घालायला लावलं. तो रस्ता उसाच्या ट्रकांचा. पहिल्याच हंगामात तिसरीतल्या पल्लवीला एका ट्रकनं उडवलं. पोर वाचली, पण पाय वाकडा झाला. त्यानंतर कुणीच आपली मुलं पाठवेना.

"ट्रकवाल्यावर केस झाली," मावशी म्हणाली. "शाळा बंदचा कागद काढणाऱ्यावर कुणी केली का? त्यानं तर पोरगी पाह्यलीबी न्हाई."

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

मग मावशीनं विहारात चूल मांडली. तिची सून संगीता डी.एड. झालेली, ती शिकवायला लागली. वर्षभर अर्ज दिले, उत्तर नाही. तेव्हा अकरा मुलं, त्यांच्या आया, फळा आणि तांदळाचं पोतं घेऊन सगळे लातूरला गेले आणि एका मोठ्या सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात शाळा भरवली.

साहेब म्हणाले, "आजी, हा वरचा आदेश आहे."

"मग वरच्याला खाली बोलवा," मावशी म्हणाली. "तवर पोरं बाराचा पाढा करतेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा पुन्हा सुरू करण्याचं पत्र हातात पडलं.

सोमवारी सगळी वाडी शाळेपुढे उभी होती. नवे गुरुजी वेळेवर आले, पण कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. गुरुजी म्हणाले, वरिष्ठांना विचारतो. "पुन्हा वर कशाला?" म्हणत संगीतानं दगड उचलला. चौथ्या घावाला कुलूप खाली पडलं आणि बायकांनी असा गलका केला की झाडावरचे बगळे उडाले. मीही ओरडत होते, घसा दोन दिवस बसला होता.

आत धुळीचा थर होता. कुणी झाडायची वाट पाहिली नाही. मुलं तशीच बसली, गुरुजींनी हजेरी घेतली. पल्लवीचं नाव आल्यावर ती भिंतीला धरून उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "बस, बाळा, बसून सांग."

"न्हाई," ती म्हणाली. "हजर!"

मावशी दारात उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. दुपारी तिच्या हातची खिचडी मी दोनदा घेतली.

परतताना मुद्दाम लातूरमार्गे आले. जवळचा औशाचा किल्ला राहिला, त्याऐवजी मुलांची शाळा भरली होती तो व्हरांडा पाहून आले. समोरचा चहावाला म्हणाला, "लई गर्दी होती, ताई. साहेबांना आत जाया वाट न्हवती. पोरींनी पाय आवरून वाट दिली, तवा गेले."

घरी येऊन आठवडा झाला. हिंसा म्हटलं की मला काठ्या, दगड, जाळपोळ दिसायची. आता एक टाइप केलेला, सभ्य भाषेतला कागदही दिसतो, आणि पल्लवीचा पाय. तो पाय कोणतंही पत्र सरळ करणार नाही. पण त्याच पायावर ती रोज शाळेत जाते, हमरस्ता न ओलांडता.

हे लिहीत होते तेवढ्यात मावशीचा फोन आला. पलीकडच्या तांड्यावरची एक मुलगी नाव घालून गेली.

"बारा झाले," ती म्हणाली. "मोठं पातेलं काढावं लागलं बघ."