दूधपाक आणि मुंग्या
लवंगेच्या तेलाचा वास आला की मला बडोद्याच्या प्रतापनगरमधलं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं, घरोघरी नुकती केबल आली होती तेव्हाचं. ह्यांची दाढ हाड कोरून काढली होती आणि डॉक्टर म्हणाले होते, मऊच द्या, पण कॅलरी भरपूर, वजन उतरू देऊ नका. आता बडोद्यात मऊ आणि ताकदीचं म्हणजे काय, तर आटीव दुधाच्या गोड खिरीसारखा दूधपाक, शिरा, चिकूचं दूध. मी पातेली भरभरून करायचे. हे सुजल्या तोंडाने म्हणायचे, "सासुरवाडीला आल्यासारखं वाटतंय." पण खाणं वाढत होतं आणि माणूस वाळत चालला होता. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, जखम भरायचं नाव घेईना, आणि पाणी इतकं प्यायचे की माठ दुपारीच रिकामा. एका सकाळी शेजारच्या गुजराती बेन ह्यांच्यासाठी दूधपाकाची वाटी घेऊन आल्या. वाटी ओट्यावर ठेवून हात धुवायला बाथरूमकडे वळल्या आणि दारातच थबकल्या. हे लघवीला जात तिथल्या जाळीभोवती काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. "बेन, आ कीडीओ रोज आवे छे?" मी म्हटलं, "हो, रोज येतात ह्या मुंग्या. फिनेल टाकूनही हटत नाहीत मेल्या." त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या बापूजींना डायबिटीस होता, तेव्हा अशाच यायच्या," आणि ओट्यावरची वाटी पदराखाली झाकून परत घेऊन गेल्या. बाहेरून ह्यांनी हाक मारली, "अगं, दूधपाक आला ना?" त्याच दिवशी रक्त तपासलं, म्हणून हे वाचले. पण अजूनही घरात कुणाची दाढ दुखली आणि लवंगेचं तेल निघालं, की मी आधी बाथरूमच्या जाळीशी वाकून बघते.