पलंगामागचा प्लग

आमच्या बेडरूममधल्या एका दिव्याबद्दल बोलायचं आहे मला. हसू नका. हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही — सख्ख्या बहिणीपाशी नाही, मुलीपाशी नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या नवऱ्यापाशी तर नाहीच नाही. कितीदा तोंडाशी आलं आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून गेले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज जमत असेल कदाचित.

हे जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. कॅप्टन नव्हेत, इंजिनवालेही नव्हेत. कानाला हेडफोन लावून बसायचं, टिक-टिक करत येणारे मोर्सचे संदेश ऐकायचे आणि अक्षरांत उतरवून घ्यायचे, हे ह्यांचं काम. नऊ-नऊ महिने ते समुद्रावर आणि मी कल्याणला माहेरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, कडेवर आमची मुलगी यशू. मग जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि ह्या लोकांची गरजच संपली. हे सिंगापूरला उतरले ते उतरलेच. एका कंपनीच्या गोदामात जहाजांचे सुटे भाग मोजायची नोकरी धरली. आम्ही दोघी मागाहून आलो, तिथल्या यिशुन भागात फ्लॅट मिळाला. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

मला वाटलं, चला, आता कुठे संसार सुरू झाला. नवरा रोज संध्याकाळी घरी येणार, समोर बसून जेवणार — तुम्हाला यात विशेष काय वाटेल? मला वाटायचं. मी लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा रोज दोघांचा चहा एकाच पातेल्यात करत होते.

आणि ह्यांनी काय केलं? रेडिओ काढला.

तो गाण्यांचा, बातम्यांचा रेडिओ असता तर मीही शेजारी बसले असते. पण हे ऐकायचे लाँग वेव्ह. आमच्या ह्या भागात त्या पट्ट्यावर कुणी बोलत नाही की गात नाही. तिथे असतात ती फक्त विमानांना, जहाजांना दिशा दाखवणारी केंद्रं — कुठल्याशा विमानतळावरची, कुठल्याशा बेटावरची. प्रत्येक केंद्र आपलं दोन-तीन अक्षरांचं नाव मोर्समध्ये सांगत राहतं. तेच ते, दिवसभर. कामावरून आले, आंघोळ झाली, आम्ही दोघांनी मिळून बुद्धवंदना म्हटली की हे हॉलच्या खिडकीशी बसायचे ते जेवणापर्यंत. मध्येच हेडफोन काढून मला सांगायचे, "सुजाता, हे ऐक. इथून मी किती वेळा गेलोय." चेहरा असा उजळलेला, की जणू माहेरचं माणूस भेटलंय. मी "हो का" म्हणायचे आणि भाजी ढवळायला जायचे. खोटं कशाला बोलू? मला त्या टिक-टिकीचा राग यायचा. माझं नाव ह्या माणसाने इतकं मन लावून कधी ऐकलं होतं?

लाँग वेव्ह म्हणजे फार नाजूक प्रकरण. घरातली प्रत्येक विजेची वस्तू त्यात खरखर करते. ट्यूबलाइट, टीव्ही, यशूचा कॉम्प्युटर, सगळ्यांची खरखर वेगळी, आणि ह्यांना प्रत्येकीची ओळख. लिफ्ट वर आली की तेही कळायचं त्यांना. मग सुरू झाले उपाय. रेडिओ बॅटरीवर चालवायचा. जुन्या फोटोफ्रेमच्या चौकटीवर तारेचे वेढे घालून अँटेना केला — तो हळूहळू फिरवायचा, एका कोनात खरखर दबते म्हणे. हॉलमधली ट्यूब काढून साधा बल्ब लावला. टीव्ही बंद, कॉम्प्युटर बंद. यशू कुरकुरायची, "पप्पा, कॅनॉट लाह, माय प्रोजेक्ट!" आणि हे तिची समजूत घालायचे, दहा मिनिटं म्हणून तास काढायचे. घरात संध्याकाळी असा अंधार, की शेजारच्या चिनी मावशींनी एकदा दारात येऊन विचारलं, बिल भरलं नाही का?

अशातच मी सेरंगून रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून एक दिवा आणला. पलंगाजवळ ठेवायचा, हात लावला की लागतो, पुन्हा लावला की विझतो. मला फार आवडला. आणि काही दिवसांत ह्यांच्या रेडिओत नवी खरखर सुरू झाली. जाडजूड, सगळ्या पट्ट्यावर पसरलेली. एकही केंद्र धड लागेना.

एका रविवारी ह्यांनी सगळा फ्लॅट तपासायला घेतला. पद्धत अशी, की हे खिडकीशी कान लावून बसणार आणि मी घरभर फिरून एकेक प्लग काढणार. "काढला?" "काढला." "आहेच अजून. पुढचा." मी फ्रिजसुद्धा काढला हो. शेवटी बेडरूम. दिव्याचा प्लग होता पलंगाच्या मागे, आणि तो पलंग सरकवायचा म्हणजे कंबरेचं काम. दिवा तर विझलेलाच होता. विझलेला दिवा काय करणार? मी दारातूनच म्हटलं, "काढला." तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, नुसता आळस होता. ह्यांनी एकदाही उठून बघितलं नाही. जहाजावर खालून कुणी सांगितलं बंद केलं, की ते बंद असतं — वीस वर्षं हेच करत आलेला माणूस.

खरखर राहिली. 

त्यानंतर वैशाख पौर्णिमा आली. इथे त्या दिवशी सुट्टी असते, घरी वंदनेला माणसं येणार होती, म्हणून मी आदल्या दुपारी साफसफाई काढली. पलंग ओढला, आणि धूळ पुसायला म्हणून तो प्लग उपटला. हे बाहेर रेडिओ लावून बसले होते, त्या दिवशी हेडफोनशिवाय. भिंतीपलीकडची खरखर एकदम थांबली, आणि टिक-टिक — इतकी स्वच्छ, की मलासुद्धा ऐकू आली. हे ओरडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. "अगं, गेलं! सुजाता, गेलं सगळं!"

प्लग माझ्या हातात होता.

मला समजलं होतं. त्याच क्षणी समजलं होतं, हे मी आज कबूल करते. विझलेला असला तरी तो दिवाच ती खरखर करत होता. बाहेर जाऊन एवढंच सांगायचं होतं, की अहो, हा बघा चोर सापडला. आम्ही दोघं हसलो असतो. पण मी त्या धुळीत उभी राहून विचार काय केला? की झालं, आता हे पुन्हा रोज त्या खिडकीशी बसणार. गेले काही आठवडे खरखरीला कंटाळून ते माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले होते. मटार सोलायचे. यशूच्या शाळेतलं विचारायचे.

मी प्लग परत लावला.

खरखर आली. हे आत आले, दारात उभे राहिले, डोळ्यांत अजून तो आनंद होता. "आत्ता काय केलंस तू?" आणि मी फडकं झटकत म्हटलं, "मी? काही नाही. पुसत होते."

"काहीच हललं नाही?"

"नाही हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. संशयाने नव्हे — संशय घेतला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला. संध्याकाळी म्हणाले, "मला भास झाला असणार. खरखर जहाजावरही असायची गं. तिच्यातून अक्षर वेगळं काढायचं हीच तर आमची विद्या. आता कानाला ते जमत नाही." मग म्हणाले, डॉक्टरकडून कान तपासून घेऊ का? मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, "वयाप्रमाणे होतंच. डॉक्टर काय वेगळं सांगणार?" डॉक्टरने कान ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं असतं ना! दुसऱ्या दिवशी घरभर माणसं, मी पांढरी साडी नेसून पुढे उभी, आणि सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे मी नुसते ओठ हलवले.

इथेही मी थांबले नाही. आमच्या वंदनेच्या मंडळींची पुलाउ उबीनला सहल ठरली. त्या बेटावर वस्ती विरळ, घरं कमी, विजेच्या वस्तू त्याहून कमी. हे म्हणाले, रेडिओ घेऊ, तिथे लावून बघतो, शेवटचं एकदा. तिथे खरखर नसणार आणि ह्यांना सगळं ऐकू येणार, हे मला समजत होतं. मी पिशव्या भरल्या. दशम्या घेतल्या, चटणी घेतली, ह्यांची टोपी घेतली. रेडिओची पिशवी दारामागे राहिली. राहिली म्हणजे काय, मी ठेवली. बोटीत बसल्यावर ह्यांनी विचारलं तेव्हा कपाळाला हात लावून दाखवला. हे म्हणाले, "असू दे गं, तुझी किती धावपळ." माझी धावपळ!

परतताना धक्क्यावर आम्ही सगळे बोटीची वाट बघत होतो. बोट टेकाडाच्या आड होती, कुणालाच दिसत नव्हती, तिच्या इंजिनाचा आवाजही आम्हाला येत नव्हता. हे एकदम म्हणाले, "आली." आणि थोड्या वेळाने खरंच आली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात केवढी आशा होती, काय सांगू. मी म्हटलं, "दिसली असेल तुम्हाला." ते "हां, असेल" म्हणाले आणि टोपी नीट करत बसले.

पुढे काही महिन्यांनी जहाजावरच्या पोरांना शिकवणाऱ्या एका संस्थेतून ह्यांना बोलावणं आलं. जुन्या ओळखीतून आलं होतं. रेडिओवर कसं ऐकायचं, कसं बोलायचं, हे शिकवायचं काम. गोदामातून सुटका, आणि पुन्हा आपल्या विद्येत.  तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "उद्या नाही म्हणून कळवतो. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्याने पोरांना काय शिकवायचं?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी ताटातला भात कालवत होते. त्या वेळी तरी सांगावं? त्या वेळी तर स्वयंपाकघरात बसून मटार सोलणारा नवरा आणि माणसाचं अख्खं आयुष्य, या दोन्हींतला फरक मला दिसत होता. पण आता सांगितलं तर दिवा, उबीन, सगळंच सांगावं लागणार. हे माझ्याकडे कसे बघतील, ह्याचीच भीती. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्यांनी नकार कळवला. रेडिओ आणि ती तारांची चौकट खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, नेऊन ठेवली, कुणीतरी उचलून नेली. निवृत्त होईपर्यंत हे गोदामात नटबोल्ट मोजत राहिले.

तुम्ही म्हणाल, एकटेपणा होता, इतकी वर्षं वाट पाहिली होती. होती. पण आमच्या जहाजवाल्यांच्या बायकांत कुणी वाट पाहिली नाही? त्यांनी नाही असं केलं.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. हे संध्याकाळी माझ्याजवळ असतात. यशू आता दुसऱ्या देशात नोकरी करते, तिचा फोन आला की हे लगेच माझ्या हातात देतात — "तूच बोल, मला नीट कळत नाही." तिचं बोलणं मी त्यांना सांगते. वंदनेला आलेली माणसं त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, कारण तसं बोला म्हणून मीच कधीतरी सांगून ठेवलंय. चारचौघांत ते आता फारसे बोलत नाहीत. हसतात फक्त.

परवा मी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होते. नळ चालू होता. डब्यात बघून मी स्वतःशीच पुटपुटले, मीठ संपलं वाटतं. बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "आणतो खालून." उठले, चपला घातल्या, पिशवी घेतली आणि गेले. आपण काय ऐकलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी नळ बंद केला. ते मीठ घेऊन आले, मी डब्यात ओतलं, आणि तेव्हाही काही बोलले नाही.