गाडीपाशी थांबणारे काका

अभयारण्याचा फाटा लागला की ड्रायव्हरकाका खिशातला रुमाल काढून हॉर्नवर बांधत. तिथून पुढची सगळी वळणं ते हॉर्नशिवाय काढत. समोर गाय आली तर गाडी उभी करून तिच्या मर्जीची वाट बघत. मागून कुणीतरी म्हणे, "अहो, वाजवा की!" काका आरशात बघत शांतपणे म्हणत, "घाई तिला न्हाई, आपल्याला हाय."

पक्षी बघणाऱ्यांचा आमचा गट महिन्यातल्या एका रविवारी पुण्याहून भीमाशंकरच्या जंगलात जायचा. बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक डॉक्टरीणबाई, आयटीतली तीन-चार मंडळी आणि वारज्याच्या एका शाळेत शिकवणारी मी. काका हडपसरचे. तीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेले, आता भाड्याची मिनीबस चालवत. आम्ही दुर्बिणी गळ्यात अडकवून जंगलात शिरायचो आणि ते गाडीपाशी थांबायचे. दोन वर्षं आम्ही त्यांना आडनाव विचारलं नव्हतं. पक्ष्यांची लॅटिन नावं मात्र आम्हाला पाठ होती.

एका पावसाळ्यात गाडीतून उतरता उतरताच माझा पाय मुरगळला. गट पुढे गेला, मी काकांबरोबर मागे राहिले. त्यांनी दगडावर गोणपाट अंथरून दिलं. मी चुकचुकत म्हटलं, "आजचा दिवस फुकट गेला."

"बसा. बोलू नका," काका म्हणाले. "आपण थांबलो की त्यांचं चालू हुतं."

पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग डोक्यावरच्या हिरड्यावर पानं हलली आणि एक शेकरू खाली उतरू लागलं. तांबूस अंग, झुबकेदार शेपूट. इतकं जवळ, की फळ कुरतडल्याचा आवाज ऐकू येत होता. पलीकडून शीळ आली, एखादा माणूस स्वतःच्याच तंद्रीत घालतो तशी, मध्येच सूर सोडून देणारी. शीळकरी कस्तूर! त्याला बघायला आम्ही दर वेळी चार-चार तास चिखल तुडवायचो.

"तुम्ही दर वेळी इथे बसून काय बघता, काका?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "चालता येईल का? हळू चला. दावतो. पण ताई, कुणाला सांगू नका."

थोड्याच अंतरावर ओढा होता. पाण्यावर झुकलेल्या खडकाच्या कपारीत, नेच्यांच्या आड, शेवाळाचं आणि मुळ्यांचं घरटं होतं. निळी-काळी मादी अंड्यांवर बसली होती. काकांनी मला मोजकी दोन मिनिटं बघू दिलं आणि हाताला धरून मागे आणलं.

मी सांगितलं. एकालाच सांगितलं. आमच्या गटप्रमुखांना, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू. त्यांना सांगितल्यावर आत कुठेतरी बरंही वाटलं. इतरांना न दिसलेलं मला दिसलं होतं. सरांनीही एकालाच सांगितलं असेल.

पुढची खेप सरांनी आठवड्याभरातच ठेवली. आम्ही पोहोचलो तेव्हा ओढ्यात तिवई रोवून पाच-सहा अनोळखी छायाचित्रकार उभे होते. चित्र स्वच्छ यावं म्हणून कपारीसमोरचे नेचे उपटून टाकले होते. मादी नव्हती. "तास झाला, आलीच नाही," त्यांतला एक वैतागून म्हणाला. काका माझ्या मागेच उभे होते. ते पाण्यात उतरले, त्या लोकांना हात जोडून बाजूला व्हायला सांगितलं आणि कपारीत डोकावले. परत आले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "गार हायत."

परतीच्या वाटेवर गाडी चहाला थांबली. मी काकांजवळ गेले. "काका, ते मी..."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला दावलंच नव्हतं."

मी रडू लागले. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुमची एकटीची चूक न्हाई ती. दावायची हौस मलाबी हुतीच की. इतकी वर्षं बस चालवली, ताई. लोक विचारायचे, कुठं जाणार, कधी सुटणार. काय बघता म्हणून तुम्हीच पयल्यांदा विचारलं."

त्यानंतर वर्षभर त्यांनी मला काहीही दाखवलं नाही. रागावलेही नाहीत. मी गटाबरोबर आत जंगलात जाणं सोडलं आणि त्यांच्यापाशी गाडीजवळ बसू लागले. ते बसत, मी बसे. सर एकदा कुत्सितपणे म्हणाले, "तुम्ही आता पार्किंग बघायला येता वाटतं." हळूहळू मला पानांच्या हलण्यातला फरक कळू लागला. वारा कुठला आणि जीव कुठला, हे ऐकू येऊ लागलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि गाडी चालवणं सुटलं. एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "रविवारी मोकळ्या हाय का? सून गाडी काढतीय. मला एकदा वर जायचंय."

त्यांची सून चांगली चालवत होती. ती गाडीतच बसली आणि आम्ही दोघं ओढ्याच्या दिशेनं निघालो. काकांना चार पावलांवर थांबून दम घ्यावा लागत होता. मागच्या वर्षीच्या कपारीकडे ते वळलेच नाहीत. एका झाडाच्या मुळाशी बसले आणि म्हणाले, "आता तुमचं तुम्ही बघा."

तासभर तरी गेला असेल. मग चोचीत मुळ्या धरून एक कस्तूर पाण्यावरून गेला, थबकला, परत फिरला आणि दिसेनासा झाला. पुन्हा आला तेव्हा मी त्याच्या घरट्याची कपार हेरली. मी आनंदानं वळले, बोट उचललं.

काकांनी हात वर करून मला थांबवलं. "मला सांगू नका," ते म्हणाले. त्यांनी मुद्दाम तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. "तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आधारासाठी. तो हात किती हलका झाला होता, ते मला तेव्हाच कळलं.

पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला. काका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. दहाव्याला हडपसरला गेले तेव्हा भिंतीवरच्या फोटोखाली मी त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदा वाचलं आणि मान खाली घातली.

श्रावण संपता संपता मी एकटीच वर गेले. लांब बसले. दुपारी मी हेरलेल्या त्या कपारीतून दोन पिल्लं बाहेर आली, एक धडपडत समोरच्या फांदीवर गेलं, दुसरं बराच वेळ काठावर बसून राहिलं आणि मग तेही गेलं. काका असते तरी मी त्यांना सांगितलं नसतं, आणि त्यांनी विचारलंही नसतं. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं नुसते गप्प बसलो असतो.